जाम चाकाची सायकल

सोयाबीनची मळणी सुरू झाली की मोताळ्यात सगळेच नाकातून बोलायला लागतात. थ्रेशरमधून उडालेलं कुटार, म्हणजे शेंगांचा भुसा, हवेत तरंगत असतं. ते केसांत बसतं, दोरीवरच्या कपड्यांत बसतं आणि वाचनालयातल्या पुस्तकांवरही बसतं. मी तिथली ग्रंथपाल असल्यामुळे ते रोज झटकणं हा माझ्या नोकरीचा भाग आहे. दसरा तोंडावर आलेला असतो, पाऊस संपलेला, थंडी अजून यायची, आणि ऊन असं की उन्हाळ्याचं काहीतरी काम राहून गेलं होतं म्हणून तो परत आलाय. या दिवसांवर कुणी कविता करत नाही. पावसाची, वसंताची, शरदाच्या चांदण्याची कवींनी कधीच सोय लावून ठेवली. सोयाबीनच्या हंगामाचं स्वागत मात्र खोकूनच होतं.

मला हे दिवस आवडतात. यंदा पहिला थ्रेशर धडधडला तेव्हा मी खिडकीशी फडकं घेऊन उभी होते, आणि मला एकदम चेनच्या तेलाचा वास आला. तिथे तसं काही नव्हतं. पण चार वर्षांपूर्वी याच दिवसांत मी माझी पहिली सायकल घेतली होती. तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते.

पहिली म्हणजे अगदी पहिली. तशी जानेफळला, माहेरी, मी आठवीत गेले तेव्हा माझ्या नावाने एक सायकल आली होती. 'नावाने' हा शब्द महत्त्वाचा आहे. सायकल माझी, हे घरात सर्वांना मान्य होतं. मोठा भाऊ दुधाच्या बरण्या अडकवून ती डेअरीत न्यायचा, धाकटा शेतात न्यायचा, काका बसस्टँडवर न्यायचे, आणि जाताना प्रत्येक जण माझी परवानगीही घ्यायचा. "अस्सा गेलो न् अस्सा आलो" ही ती परवानगी. मी शाळेत पायी जायची. वाटेत मोठा भाऊ मागून यायचा आणि मला पाहून घंटी वाजवायचा. घंटी नवीन होती, आवाज फार छान होता.

मग लग्न झालं आणि नवऱ्याची मोटारसायकल आली. मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसून मी अर्धा बुलढाणा जिल्हा पाहिला आहे. डावा अर्धा. उजव्या बाजूला काय आहे याची मला ऐकीव माहिती आहे.

वाचनालयाला लोक पुस्तकं दान देतात ती घर रंगवायला काढलं की. अशाच एका दानाच्या गठ्ठ्यात सायकलींवरचं एक गुळगुळीत मासिक निघालं. त्यात एका सायकलीचं चित्र होतं. गिअर नाहीत, वायरींचं जाळं नाही, एक आकडेमोड झाल्यावर उरलेल्या उत्तरासारखी ती उभी होती. खाली लिहिलं होतं की हिचं मागचं चाक आणि पेडल एकमेकांशी पक्की जोडलेली असतात. साध्या सायकलीवर पाय थांबवले तरी चाक टरटर करत मोकळं फिरत राहतं. ती करामत मागच्या दातेरी चकतीतली, जिला आपल्याकडे फ्रायव्हील म्हणतात. हिच्यात ती करामतच नाही. चाक फिरेल तोवर पेडल फिरणार, आणि पेडल फिरेल तोवर पाय. शेवटी सूचना होती: साध्या सायकलीची सवय असलेल्या माणसाला ही सुरुवातीला चालवता येत नाही.

ते वाक्य मी दोनदा वाचलं. लोकांना मोठमोठ्या ग्रंथांत साक्षात्कार होतात. मला त्या ओळीत झाला. जी सायकल दुसऱ्या कुणाला चालवताच येत नाही, ती कुणी मागून नेणार नाही. ती माझी राहील.

मासिकातली किंमत वाचून मात्र मी मासिक मिटलं. तेवढ्या पैशांत आमच्याकडे दुधाची म्हैस येते.

तरी खामगावला गेले. धाकटे दीर गजूभाऊजी त्या दिवसांत रोज पिकअपमध्ये सोयाबीनची पोती भरून तिकडच्या बाजारात न्यायचे, त्यांच्या शेजारी बसून गेले. मुख्य रस्त्यावर काचेचं एक नवं दुकान होतं. आत सायकली अशा मांडलेल्या की त्यांना हात लावण्याआधी चपला काढाव्यात असं वाटावं. विक्रेत्याने विचारलं, "मॅडम, किती गिअरची दाखवू?"

"एकही नको."

त्याला माझी दया आली. "एकवीस गिअर येतात आता," तो हळू आवाजात म्हणाला. मी सांगितलं की आमचं मोताळा सपाट आहे, एकवीस प्रकारे चढावं असं तिथे काही नाही. मग त्याने मला लेडीज सायकल दाखवली. गुलाबी. पुढे टोपली, टोपलीवर प्लास्टिकची दोन फुलं. कोमेजण्याचीसुद्धा आशा नव्हती. रुंद टायरची आणखी एक दाखवली. तिच्या दांडीवर इंग्रजीत एवढं काही लिहिलेलं होतं की ती चालवण्यापेक्षा वाचायलाच जास्त वेळ लागला असता.

मी बाहेर आले. कापसाच्या जिनिंगच्या मागच्या गल्लीत तारांवर कापसाचे पुंजके लोंबत होते. तिथे एका टिनाच्या शेडखाली जुन्या सायकली जोडून विकणारे हमीदचाचा बसलेले होते. शेडमध्ये सायकली नव्हत्या, सायकलींचे अवयव होते. मी त्यांना मासिकातलं चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ते डोळ्यांजवळ नेलं आणि हसले.

"अरे, ये तो सर्कसवाली सायकल! मॅडम, पहले गाँव गाँव में सायकलवाले आते थे ना, चौकात गोल गोल सात दिवस? उलटी भी चलाते थे. उनकी ऐसीच रहती थी. इसका किताबवाला नाम कायको लेते?"

मीही लहानपणी जानेफळच्या चौकात तो माणूस पाहिला होता. तो सायकलवरच जेवायचा, सायकलवरच आंघोळ करायचा, आणि हात सोडून मागे मागे जायचा. आम्हाला वाटायचं जादू आहे. जादू फक्त मागच्या चकतीत होती.

"स्वस्तात होईल?" मी विचारलं.

"जितकी पुरानी, उतनी अच्छी होगी," चाचा म्हणाले, आणि मला सायकल निवडायला शिकवायला लागले. तो तासभर मला अजून आठवतो. आधी सांगाडा टांगून वाजवून पाहायचा, मडकं पाहतात तसा. तडा असेल तर आवाज बद्द येतो. मग चाक फिरवून त्याची थरथर पाहायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागचं चाक जिथे बसतं ती खाच. ती आडवी आणि लांब हवी, म्हणजे चाक मागे ओढून चेन ताठ करता येते. या सायकलीत चेन सैल राहिली की घात. काचेच्या दुकानातल्या गिअरवाल्या सायकलींची खाच उभी असते, त्यांच्यात हे जमत नाही. दूधवाल्याच्या, पेपरवाल्याच्या जुन्या लोखंडी सायकलीत मात्र हवी तशी असते. महागड्या मासिकातलं ते चित्र उतरून यायला शेवटी दूधवाल्याचीच सायकल लायक निघाली, याचा मला जो आनंद झाला तो सात्त्विक म्हणता येणार नाही.

आम्ही एक काळी, बावीस इंची, आडव्या दांडीची निवडली. चाचांनी जुनं फ्रायव्हील वेल्डिंग करून जाम केलं. मासिकातल्या लोकांनी ब्रेकही काढून टाकलेले होते. चाचांना ते सांगितल्यावर ते म्हणाले, "जिनको दवाखाने का शौक है वो निकालें." दोन्ही ब्रेक राहिले. ओढणीसाठी पूर्ण चेनकव्हर लावलं. पिकअप परतताना रिकामाच होता. त्यात मागे ती एकटी उभी राहून आली, नव्या नवरीसारखी डोलत.

शिकायला मला आठ दिवस लागले. लहानपणी चोरून का होईना मी सायकल शिकले होते, तीच विद्या आडवी यायची. वळणावर सवयीने पाय थांबवले की पेडल खालून असं ढकलायचं की मी सीटवरून वीतभर उचलली जायची. सायकल म्हणायची, थांबायचं कुणी सांगितलं? दोनदा पडले. एकदा रस्त्यावर वाळत घातलेल्या सोयाबीनमध्ये पडले, ते मऊ होतं. राखण करणारी म्हातारी म्हणाली, "दाने वेचून दे आता." मी वेचून दिले.

मग एका सकाळी ते जमलं. जमलं म्हणजे काय ते सांगणं अवघड आहे. सोंगणी झालेली रानं, त्यांच्यातून सरळ जाणारा रस्ता, मध्ये मध्ये सोयाबीनच्या रचलेल्या सुड्या, कडेला तुरीला पिवळी फुलं लागायला लागलेली. आणि माझे पाय मी चालवत होते की चाक चालवत होतं, हे कळेना. या सायकलीवर फुकटात काही मिळत नाही. उतारावरही पाय फिरवावेच लागतात. पण मिळवलेलं काही वायाही जात नाही, चढ आला की चाक स्वतःच पायाला वर उचलून घेतं. आणि टरटर नाही. इतकी शांतता की टायरखाली कुटार चुरडल्याचा आवाज येतो. मला उजवी बाजूही दिसत होती. तिकडे फार काही नव्हतं, एक विहीर आणि एक बंद पडलेला गूळ कारखाना, पण मी पाहून घेतलं.

दुसऱ्याच दिवशी गजूभाऊजी अंगणात आले.

"वैनी, सायकल नेऊन राह्यलो जरा चौकालोक. अस्सा गेलो न् अस्सा आलो."

पंचवीसेक वर्षांनी तेच वाक्य. "न्या न, भाऊजी," मी म्हणाले, आणि दारात उभी राहिले.

विजेच्या खांबापर्यंत ते ऐटीत गेले. तिथे ओळखीचं कुणी दिसलं म्हणून त्यांनी पाय थांबवून हात वर केला. पायांना ते मान्य होतं, पेडलला नव्हतं. पुढे जे झालं ते नृत्यप्रकारात मोडतं. एक चप्पल नालीत गेली, दुसरी किराणा दुकानाच्या पायरीवर, आणि गजूभाऊजी "हो हो हो" करत कोंबड्या पांगवत, दोन्ही ब्रेक एकदम दाबून भिंतीपाशी थांबले. सायकल हातात धरून, अनवाणी परत आले.

"वैनी, हे तं जाम झाली हाये!"

"हाव काय?" मी म्हणाले, आणि सायकल आत लावली. त्या संध्याकाळी मी तूप घालून शिरा केला. कुणी कारण विचारलं नाही.

पुढच्या पंधरा दिवसांत शेजारचे दोघे, नवऱ्याचा एक मित्र आणि पाणीवाला असे चौघे येऊन ती घेऊन गेले आणि पाच मिनिटांच्या आत परत देऊन गेले. मागाहून कुणी मागितली नाही. गावात आरोग्य सायकल फेरी निघाली होती, तिला प्रमुख पाहुणे चार गाड्यांतून आले. हार झाले, शाली झाल्या, नारळ झाला, आणि फोटोपुरतं दहा पावलं चालवायला त्यांनी शेजारची सायकल धरली. ती माझी होती. मी सांगणार होते. पण सूत्रसंचालकांनी मला हाताने मागे सारलं. पाहुणे कार्यक्रमपत्रिकेत ठरलेल्यापेक्षा बरेच पुढे गेले. आरोग्यासाठी ते चांगलंच झालं असणार.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मी सायकल काढली, बसले, आणि दारातच कानावर आलं. टर्रर्र.

मी पाय थांबवले. चाक फिरत राहिलं. गुळगुळीत, सैल, सगळ्यांचं.

"सरप्राईज!" गजूभाऊजी ओसरीवरून ओरडले. "वैनी, श्रावनभाऊकडून दुरुस्त करून आनली. जाम फ्रायव्हील काढून नवं टाकलं. तुमची चूक नाही म्हने, खामगाववाल्यानं फसवलं तुम्हाले."

एवढ्या प्रेमाने केलेल्या गोष्टीवर रागावता येत नाही, हे प्रेमाचं मोठं वैगुण्य आहे. नवरा म्हणाला, "बरं झालं, आता सगळ्यांच्या कामी येईन." आणि आली. सोमवारी ती पिठाच्या गिरणीत होती, मंगळवारी शेतात डबा घेऊन, बुधवारी बाजारात, गुरुवारी कुठे ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी वाचनालयात पायी जात होते. शुक्रवारी मागून घंटी वाजली आणि पाणीवाला माझ्याच सायकलवरून हात करून गेला. मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. एक्केचाळीस वर्षांच्या बाईने सायकलसाठी डोळ्यांत पाणी आणू नये असं म्हणतात. कुटार गेलं होतं, असं मी नंतर सांगितलं.

शनिवारी कुणी उठायच्या आत मी ती घेऊन श्रावणभाऊंच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानावर गेले. ते दुकान उघडून उदबत्ती लावत होते.

"श्रावनभाऊ, ते जुनं जाम झालेलं परत बसवून द्या."

"काऊन?" त्यांची उदबत्ती हातात राहिली. "मॅडम, म्या तं पैसेबी घेतले नाही. दिवाळी हाये म्हनलं."

"ते बिघडलेलं नव्हतं. तसंच करून घेतलं होतं म्या."

"चाक मागं फिरवलं तं पायडल मागं येते! याले बिघडलेलंच म्हनते, मॅडम. लोक काय म्हनतीन? श्रावनकडून सायकल आली न् जाम आली! माह्या दुकानाची काही इज्जत हाये का नाही?"

मी मासिकातलं सांगितलं, सर्कशीचं सांगितलं, चेन किती ताठ लागते ते सांगितलं. ते ऐकत होते आणि मान हलवत होते. शेवटी मी खरं तेच बोलले. हे मी नवऱ्यालाही बोलले नव्हते.

"मले ते दुसऱ्या कोनाले चालवता नाही आली पाहिजे. म्हून."

श्रावणभाऊंनी बसायचं खोकं बाजूला केलं आणि त्याच्या खालून फडक्यात गुंडाळलेला एक पाना काढला. मूठ घासून चकचकीत झालेली.

"हा पाना म्या कोनाले देत नाही," ते म्हणाले. "भावाले नाही, पोराले नाही. सारं दुकान घेऊन जा म्हनतो, हा नाही." त्यांनी तो परत गुंडाळला. "मंग असं सांगाचं न आधी! उगीच सर्कस सांगून राह्यल्या."

जुनी चकती त्यांनी भंगाराच्या डब्यातून शोधून बसवली. चेन स्वतः तीनदा ताणून पाहिली. आणि गावात सांगितलं की मॅडमच्या सायकलीला जो पार्ट लागतो तो बाजारात मिळतच नाही आता.

इथे ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण माझ्या जावेला, रेखाला, मी हिशेबात धरलंच नव्हतं. गजूभाऊजींची ही बायको ओसरीवर दिवसभर ब्लाउज शिवते. बोलते कमी. मी सायकल शिकताना पडले तेव्हा हसली नाही, आणि गजूभाऊजी नाचले तेव्हा तोंडाला पदर लावून आत गेली. दिवाळी झाल्यावर एका दुपारी ती म्हणाली, "ताई, मले शिकवसान काय?"

"साधी तरी येते काय तुले?"

"कोनतीच नाही येत."

मी निश्चिंत मनाने हो म्हणाले. आमच्या शेतातलं खळं रिकामं झालं होतं, जमीन चोपलेली होती. मी कॅरियर धरून दोन फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीत मी मागे राहिले आणि ती पुढे गेली. वळली. परत आली. एकदाही उचलली गेली नाही. मी आठ दिवस घेतले होते, तिने एक दुपारही पूर्ण घेतली नाही.

"ताई, हे तं माह्या मशीनीवानीच हाये," ती धापा टाकत म्हणाली. "चाक फिरते तवर पाय हालते. याच्यात शिकाचं काय?"

वीस वर्षं पायमशीन चालवलेली बाई. पाय थांबवल्यावर चाक मोकळं सुटतं, हे तिच्या पायांनी कधी ऐकलंच नव्हतं. माझं कुलूप सबंध मोताळ्यात एकाच किल्लीने उघडत होतं, आणि ती किल्ली माझ्याच घरात ब्लाउजला हुक लावत होती.

पुढचे तीन हंगाम सायकल एक आणि आम्ही दोघी. आधी ती विचारून न्यायची. मग माप घ्यायला जायचं असेल तर न विचारता. मला राग यायचा, आणि लांबून तिला येताना पाहिलं की, पाठ ताठ, पाय एका लयीत, पदर कमरेला खोचलेला, तो राग टिकायचा नाही. तरी मी पुन्हा पायी चालत होते, हे खरं. तिच्याही ते लक्षात आलं असावं. परवा सोयाबीनचं पहिलं पोतं भरलं त्या दिवशी ती मशीनवरून उठली आणि म्हणाली, "ताई, तुमची तुम्हाले राहू द्या. मले माही पाहिजे. खामगावले चाला."

आम्ही दोघी पिकअपमध्ये पोत्यांवर बसून गेलो, कारण पुढे एकच जागा होती आणि दोघींनी एकमेकींना देऊ केली. जिनिंगमागच्या गल्लीत हमीदचाचा होते, थोडे वाकलेले. रेखाने एकेक सांगाडा टांगून वाजवला. खाच बोटाने मोजली. शेवटी एक हिरवी, मध्यम उंचीची तिला पसंत पडली. चाचा म्हणाले, "बैठ के देख ले, बेटी. नापसे है क्या."

रेखा बसली आणि गल्लीच्या टोकाकडे निघाली. अर्ध्यावर तिने पाय थांबवले. मला शेडपासूनही टरटर ऐकू आली, आणि त्यामागून रेखाची किंकाळी. कापसाच्या गाठींपाशी ती कशीबशी उतरली आणि सायकल हातात धरून परत आली. चेहरा लाल, आवाज चढलेला.

"चाचा, मशीनीवानी हिचा पट्टा सुटेल हाये! म्या पाय थांबवले, तरी हे आपली चालूनच राह्यली. असं माल देता काय बाईमानसाले?"

चाचांनी सायकलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि वेल्डिंगचा चष्मा शोधायला लागले.